काळी मोजली, पांढरी राहिली : गावातल्या ‘स्वस्त’ घराचा इतिहास

१/
घरांच्या किमतींचा विषय निघाला की चर्चा मुंबईपासून सुरू होते आणि पुण्यात संपते. मध्येच कोणीतरी सुस्कारा टाकून म्हणतो, “त्यापेक्षा गाव बरे. तिथे घराचा प्रश्नच नाही.” हे विधान इतक्या वेळा उच्चारले गेले आहे की ते तपासण्याची गरजही कोणाला वाटत नाही. प्रस्तुत धागा ते तपासण्यासाठी आहे. निष्कर्ष आधीच सांगणे प्रामाणिकपणाचे ठरेल : गावातले घर स्वस्त नाही. त्याची किंमत कागदावर येऊ दिली गेली नाही, एवढेच. आणि या प्रकाराला जवळजवळ १९० वर्षांचा इतिहास आहे.

२/
उदाहरणासाठी सोलापूर जिल्ह्याच्या करमाळा तालुक्यातील केम घ्या. उत्तरेश्वराचे देवस्थान, कुंकवाचा व्यवसाय आणि मुंबई–सोलापूर लोहमार्गावरील स्थानक ही या गावाची ओळख. ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे भीमा ओलांडून या पट्ट्यातून कुर्डुवाडीकडे सरकली आणि १८६० मध्ये सोलापूरला पोहोचली. म्हणजे केम हे काही जगापासून तुटलेले खेडे नव्हे. व्यापार, बाजार, वाहतूक यांच्याशी त्याचा दीड शतकाहून जुना संबंध आहे. अशा गावातही घराची जागा हा विषय ‘बाजारा’च्या बाहेर का राहिला, हा खरा प्रश्न.

३/
उत्तर दोन जुन्या शब्दांत दडलेले आहे : काळी आणि पांढरी. मराठी मुलखात गावाचे हे दोन भाग मानले जात. काळी म्हणजे पिकाची जमीन. पांढरी म्हणजे माणसे जिथे राहतात ती वस्तीची जागा. काळीतून धान्य येई, म्हणून सारा येई. पांढरीत चुली पेटत, मुले जन्मत, म्हातारे मरत; पण तिच्यातून सरकारी खजिन्यात सारा जमा होत नसे. पुढचा सगळा इतिहास या फरकातून घडला.

४/
१८१८ मध्ये पेशवाई संपली. कंपनी सरकारला दख्खनचा सारा नव्याने ठरवायचा होता. प्रिंगल या अधिकाऱ्याने निव्वळ उत्पन्नाचा अंदाज बांधून आकारणी करण्याचा प्रयत्न केला. आकारणी जड झाली, अंदाज फसले, शेते ओस पडू लागली. तेव्हा १८३५–३६ मध्ये गोल्डस्मिड आणि विंगेट या दोघांनी पुणे जिल्ह्याच्या इंदापूर तालुक्यात नव्या पद्धतीने मोजणी आरंभली. इंदापूर आणि करमाळा हे शेजारी. मध्ये फक्त भीमा. मुंबई इलाख्याच्या भूमापनाचा पाया केमच्या अंगणातच घातला गेला असे म्हणायला हरकत नाही.

५/
ही पद्धत कौतुकास्पद होती, हे मान्य केले पाहिजे. प्रत्येक शेताला क्रमांक, प्रत्येक क्रमांकाला सीमा, सीमेवर खुणेचे दगड, मातीच्या प्रतीनुसार आकार आणि तो आकार ३० वर्षांसाठी कायम. मोजणीची साखळी ३३ फुटांची. तेहतीस फूट लांब आणि तेहतीस फूट रुंद, म्हणजे १,०८९ चौरस फूट, हा झाला एक गुंठा. असे ४० गुंठे मिळून एक एकर. आज जागेच्या जाहिरातीत ‘गुंठा’ हा शब्द वाचणाऱ्याने ध्यानात ठेवावे, की त्या मोजणीने गुंठ्याच्या हिशेबात बसवली ती काळी. पांढरीभोवती एक रेघ ओढून मोजणीदार पुढे गेला.

६/
येथे एक बचाव केला जातो : “गावठाणावर साराच नव्हता, तर मोजायचे कशाला?” हा बचाव नसून कबुली आहे. राज्याने माणसाचे शेत मोजले, कारण शेतातून त्याला काही घ्यायचे होते. माणसाचे घर मोजले नाही, कारण त्या मोजणीचा लाभ फक्त माणसाला झाला असता. १८७९ च्या मुंबई जमीन महसूल संहितेत वस्तीच्या जागेच्या मोजणीची तरतूद आली खरी. पण दोन हजारांहून अधिक लोकवस्तीच्या ठिकाणी त्या मोजणीचे शुल्क राहणाऱ्यांकडूनच घेण्याची सोयही तिच्यासोबत आली. शेताची मोजणी सरकारची गरज होती, घराची मोजणी रयतेची हौस ठरली.

७/
दुसरा बचाव अधिक भावुक असतो : “गावात कागद लागत नव्हता, शब्द पुरत होता.” कोणाचा शब्द? पांढरी ही एकसंध जागा कधीच नव्हती. गावकुसाच्या आत कोण आणि बाहेर कोण, हे जातीने ठरत असे. पाटलाचा वाडा, कुलकर्ण्याचे घर, बलुतेदारांच्या आळ्या, आणि वेशीबाहेर महारवाडा, मांगवाडा. ज्याच्या ओसरीवर पंचायत बसे त्याला कागदाची गरज नव्हती हे खरेच. वेशीबाहेरच्या माणसाची जागा मात्र गावाच्या मर्जीवर होती. शब्दाचा व्यवहार दोन समान माणसांत चालतो. विषम समाजात शब्द हा बलवंताचा कागद असतो.

८/
वतनाच्या जमिनीचे उदाहरण पाहिले की हे स्पष्ट होते. महार वतन म्हणजे गावकीच्या अहोरात्र सेवेच्या मोबदल्यात मिळणारा तुटपुंजा तुकडा. सेवा नाकारली तर त्यावरही गदा. १८७४ च्या वंशपरंपरागत वतन कायद्यात दुरुस्ती करण्यासाठी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२८ मध्ये मुंबई विधिमंडळात विधेयक मांडले, ते या गुलामीच्या मुळावर घाव घालण्यासाठी. कनिष्ठ गावकामगारांची वतने रद्द करणारा कायदा यायला १९५८ उजाडले. राहण्याची जागा आणि सेवेची सक्ती यांचा असा सांधा ज्या व्यवस्थेत होता, तिला ‘घराचा प्रश्न नसलेली’ म्हणणे हा इतिहासाचा उपहास आहे. २०२० मध्ये वस्त्यांची जातिवाचक नावे बदलण्याचा निर्णय महाराष्ट्र शासनाने घेतला. तो योग्यच होता. पण पाटीवरचे नाव बदलल्याने पाटीमागच्या जागेचा हक्क सिद्ध होत नाही.

९/
स्वातंत्र्यानंतर तरी पांढरीचा विचार झाला का? १९४७ मध्येच मुंबई प्रांताने धारणजमिनीचे तुकडे पाडण्यास प्रतिबंध आणि त्यांचे एकत्रीकरण करणारा कायदा केला. लोकांच्या तोंडी तो ‘तुकडेबंदी’. हेतू शेतीच्या भल्याचा होता : वाटण्या होत होत शेत इतके लहान होऊ नये की नांगर वळवायलाही जागा उरणार नाही. पण या कायद्याने नकळत आणखी एक गोष्ट केली. गावठाणाबाहेर घरापुरती एक-दोन गुंठे जागा उघडपणे विकत घेण्याची वाट त्याने बंद केली. २०२३ च्या अधिसूचनेनुसार राज्याच्या बहुतेक भागांत प्रमाणभूत क्षेत्र बागायतीसाठी १० गुंठे आणि जिरायतीसाठी २० गुंठे आहे. शेतमजुराला घरासाठी दहा गुंठे नकोत, आणि परवडणारही नाहीत.

१०/
परिणाम काय झाला? गावठाणाची रेघ जुनीच राहिली, माणसे वाढली. आतली घरे वाटण्यांत चिरत गेली. एका वाड्याचे चार दरवाजे झाले, एका ओसरीच्या दोन खोल्या. बाहेर जागा घ्यायची तर शंभराच्या मुद्रांकावर, नोटरीसमोर, साठेखताच्या भरवशावर. पैसे पूर्ण द्यायचे, हक्क अर्धाही मिळायचा नाही. सात-बाऱ्यावर नाव जुन्याच मालकाचे. त्याच्या मुलांनी उद्या हात वर केले तर दाद मागायची कुठे? गावातही घराच्या जागेचा बाजार होता. फक्त तो कायद्याच्या पाठीमागे भरत होता, आणि अशा बाजारात जोखमीची सारी किंमत गरीब गिऱ्हाईक मोजते.

११/
शासनाला हे ठाऊक नव्हते असे नाही. २०१७ मध्ये असे व्यवहार बाजारमूल्याच्या २५ टक्क्यांपर्यंत शुल्क भरून नियमित करण्याची सोय झाली. ज्याच्याकडे जागेपुरतेच पैसे होते त्याने आणखी पाव किंमत कुठून आणावी? २०२४ मध्ये हे शुल्क ५ टक्क्यांवर आणले गेले. जुलै २०२५ मध्ये एक गुंठ्यापर्यंतच्या तुकड्यांना दिलासा देण्याची घोषणा विधिमंडळात झाली. २५ वरून ५, ५ वरून सवलत : या उतरत्या आकड्यांचा अर्थ एकच. जो व्यवहार बेकायदा म्हणून हिणवला जात होता, तो लोकांच्या गरजेचा होता, हे मान्य करायला राज्याला सत्तराहून अधिक वर्षे लागली.

१२/
आता ‘परवडण्या’चा हिशेब मांडू. प्रधानमंत्री आवास योजनेच्या ग्रामीण भागात सपाट प्रदेशातील घरकुलासाठी १ लाख २० हजार रुपये मिळतात. पण घरकुल बांधायला आधी जागा हवी. ज्याला जागाच नाही त्याच्यासाठी राज्याने पंडित दीनदयाळ उपाध्याय यांच्या नावाने जागा खरेदीची योजना आणली : ५०० चौरस फुटांपर्यंत जागेसाठी आरंभी ५० हजार रुपये, पुढे ही मर्यादा १ लाखावर गेली. ५०० चौरस फूट म्हणजे अर्ध्या गुंठ्याहूनही कमी. म्हणजे एक खाते गरिबाला अर्धा गुंठा घेण्यासाठी पैसे देत होते आणि दुसऱ्या खात्याचा कायदा तेवढा तुकडा विकू देत नव्हता. घरकुलापुरती सवलत नियमांत आली ती अगदी अलीकडे. दरम्यान ज्यांची नावे यादीत येऊनही जागेअभावी घर उभे राहिले नाही, त्यांनी कोणाकडे पाहायचे?

१३/
‘जागा स्वतःची’ असलेल्यांची स्थिती तरी काय? गावठाणातील घराला ग्रामपंचायतीचा ‘नमुना आठ’ असतो. घरपट्टी भरली की पावती मिळते आणि माणूस समजतो, घर आपल्या नावावर झाले. प्रत्यक्षात नमुना आठ ही कर आकारणीची नोंद आहे. ती मालकीचा पुरावा नव्हे. पिढ्यान्‌पिढ्या कर भरणाऱ्याला बँकेत गेल्यावर हा भेद कळतो. तिथे मिळकत पत्रिका मागतात. कुंकवाचा असो वा किराणा मालाचा, धंदा वाढवण्यासाठी कर्ज हवे असेल तर शेत गहाण पडते; ज्याच्याकडे शेत नाही त्याचे डोक्यावरचे छप्पर बँकेच्या दृष्टीने हवेत तरंगत असते. भूमिहीनाला कर्जही महाग पडते ते असे.

१४/
१९६६ च्या महाराष्ट्र जमीन महसूल संहितेने गावठाणाची व्याख्या, हद्द, विस्तार यांची कलमे दिली. पण दोन हजारांची ती जुनी रेघ नव्या राज्यातही पुसली गेली नाही. मोजणी झाली ती मुख्यतः दोन हजारांहून अधिक लोकवस्तीच्या गावांची. केमसारखे मोठे गाव या रेघेच्या अलीकडे येते. भोवतालची लहान गावे आणि वाड्या पलीकडे राहतात. वसाहतीच्या अधिकाऱ्याने शुल्कवसुलीसाठी वापरलेला आकडा स्वतंत्र देशात माणसाच्या हक्काची पायरी बनला, आणि त्यावर कोणी फारसा आवाज केला नाही.

१५/
येथवर वाचून कोणी म्हणेल, “मग उपाय सोपा आहे, मोजा आणि सनद द्या.” तेच चालू आहे. पुरंदर तालुक्यातील सोनोरी येथे प्रयोग झाला, ड्रोनने गावठाणे टिपली जाऊ लागली आणि २४ एप्रिल २०२० रोजी केंद्राने ‘स्वामित्व’ योजना जाहीर केली. हे पाऊल स्वागतार्ह आहे. परंतु ‘कागद आला की दैन्य गेले’ ही जी नवी श्रद्धा त्यासोबत पसरवली जाते, तिच्याशी इतिहासाच्या अभ्यासकाने वाद घातलाच पाहिजे.

१६/
कारण कागदाचा अनुभव काळीने आधीच घेतला आहे. इंदापूरच्या मोजणीने शेत निश्चित झाले, हक्क निश्चित झाला. त्यामुळे ते विकता येऊ लागले, गहाण टाकता येऊ लागले. सावकाराला आता ठोस तारण मिळाले आणि दिवाणी न्यायालय त्याच्या पाठीशी उभे राहिले. १२ मे १८७५ रोजी भीमथडीतल्या सुप्यात शेतकऱ्यांनी सावकारांची दुकाने गाठली आणि कर्जखते जाळली. दख्खनचे दंगे म्हणून ओळखला जाणारा तो उठाव कागदाच्या अभावातून झाला नव्हता. कागद एका बाजूच्याच हाती गेल्यामुळे झाला होता. १८७९ चा दख्खन शेतकरी साहाय्य कायदा हा त्या चुकीवरचा उतारा होता.

१७/
पांढरीला मात्र या काळात एक कवच लाभले. १९०८ च्या दिवाणी प्रक्रिया संहितेचे कलम ६० सांगते, की शेतकरी, मजूर किंवा घरगडी यांच्या राहत्या घरावर कर्जवसुलीसाठी जप्ती आणता येत नाही. ज्या घराला भाव नव्हता त्याला निदान ही ढाल होती. परंतु घर स्वतःहून गहाण टाकले की ढाल गळून पडते. आणि २००२ च्या कायद्याने तारण मालमत्तेचा ताबा न्यायालयाची पायरी न चढता घेण्याचा अधिकार बँकांना दिला आहे. त्याच कायद्यात शेतजमिनीला सूट आहे. गावठाणातल्या गहाण घराला तशी सूट नाही. म्हणून सनदेसोबत हेही सांगितले गेले पाहिजे, की हा कागद कर्जाचे दार उघडतो आणि घराचे दारही.

१८/
दूर पेरू देशात हा प्रयोग होऊन गेला आहे. अर्थतज्ज्ञ एर्नांदो दे सोतो यांनी मांडले, की गरिबांची घरे हे ‘मृत भांडवल’ आहे. हक्काचा कागद दिला की ते जिवंत होईल. १९९० च्या दशकात तिथे दहा लाखांहून अधिक पट्टे वाटले गेले. लोकांना स्थैर्य लाभले, घर सोडून कामावर जाण्याची भीती कमी झाली; पण खाजगी बँकांनी अपेक्षेप्रमाणे कर्जाची दारे उघडली नाहीत. आणि गंमत पाहा : ज्या इंग्लंडच्या अधिकाऱ्यांनी आपली शेते क्रमांकात बांधली, त्या इंग्लंड-वेल्समध्ये मालमत्तेच्या हक्काची नोंदणी सर्वत्र सक्तीची झाली ती १९९० मध्ये. नोंद ही उन्नत संस्कृतीची खूण नसते. ती कोणाच्या सोयीची आहे, यावर तिचे येणे-न येणे ठरते.

१९/
सोलापूर जिल्ह्यालाच याचे दुसरे, उजळ उदाहरण माहीत आहे. शहराजवळच्या कुंभारी येथे विडी कामगार स्त्रियांसाठी १० हजार घरांची गोदूताई परुळेकर वसाहत उभी राहिली आणि २००६ मध्ये तिच्या चाव्या दिल्या गेल्या. पुढे असंघटित कामगारांसाठी ३० हजार घरांचे रे नगर आले; जानेवारी २०२४ मध्ये त्यांपैकी १५ हजार घरांचे हस्तांतर झाले. दोन्हीच्या मागे नरसय्या आडम यांच्या नेतृत्वाखालचा दीर्घ लढा होता. ही घरे बाजाराने दिली नाहीत, कोणा दात्याच्या दयेनेही मिळाली नाहीत. कामगारांनी एकत्र मागणी केली, आपला हिस्सा भरला आणि सरकारी पैसा तिथे ओढून आणला. गावांतील बेघरांना उणीव आहे ती अशा एकत्रित मागणीची. कारण त्यांना दीडशे वर्षे सांगितले गेले, की तुमचा प्रश्नच नाही.

२०/
आणि एक गट तर या चर्चेत येतच नाही : शेतवस्तीवर राहणारे. करमाळ्याच्या शिवारात रानातल्या वस्त्यांवर राहणारी कुटुंबे पुष्कळ. त्यांची घरे काळीवर उभी आहेत, म्हणून पांढरीच्या मोजणीत ती येत नाहीत. आणि शेताच्या उताऱ्यावर घराला मान नाही. मालकाच्या रानात राहणारा सालगडी तर दोन्ही नकाशांच्या बाहेर. ड्रोन कितीही उंच उडाला तरी त्याला रेघेच्या आतलेच दिसते, कारण ती रेघ माणसाने आखलेली आहे.

२१/
म्हणून या इतिहासातून तीन मागण्या सरळ निघतात. पहिली : मोजणी गावठाणाच्या जुन्या रेघेपाशी थांबू नये; वेशीबाहेरची वस्ती आणि शेतवस्ती यांचीही नोंद व्हावी. दुसरी : सनदेवर पती-पत्नी दोघांची नावे असावीत आणि नोंदीपूर्वीची चौकशी चावडीत उघडपणे, आळीआळीत वाचून दाखवून व्हावी, कारण आज जी चूक नोंदली जाईल ती उद्या पुरावा म्हणून उभी राहील. तिसरी : राहत्या एकमेव घराला शेतजमिनीसारखे संरक्षण मिळावे, म्हणजे १८७५ ची पुनरावृत्ती पांढरीत होणार नाही.

२२/
इतिहासाच्या विद्यार्थ्यांसाठी शेवटचे. आपल्याकडे किल्ल्यांचे नकाशे आहेत, लढायांच्या तारखा पाठ आहेत, वंशावळी मुखोद्गत आहेत. पण आपल्या गावच्या पांढरीचा नकाशा कितीजणांनी पाहिला आहे? सुटीत गावी गेल्यावर ग्रामपंचायतीत नमुना आठ मागा, भूमी अभिलेख कार्यालयात गावठाणाचा नकाशा पाहा, आणि आजीला विचारा की घरावर कधी तिचे नाव लागले होते का. नोंदी होत आहेत त्या याच वर्षांत. एकदा शिक्का पडला की हा विषय वर्तमानाचा उरणार नाही. तो अभिलेखागारात जाईल, आणि पुढच्या पिढीतला कोणी संशोधक धुळीतून तो कागद काढून पाहील, की त्यावर कोणाचे नाव लिहायचे राहून गेले.